घशातली पट्टी आणि सरांचा हात

आमच्या ऑपरेशन थिएटरात बाहेरच्या चपला बाहेरच राहतात. किस्से मात्र आत येतात, आणि एकदा आले की जायचं नाव घेत नाहीत. मी ते मुद्दाम जमवत नाही. पेशंट झोपला की भूल देणाऱ्याला बसून राहायचं असतं, डोळे मॉनिटरवर आणि कान सगळीकडे. इतकी वर्षं बसल्यावर काही ना काही साठतंच. परवा मैत्रिणींना दोन-तीन सांगितले तर त्या म्हणाल्या, लिहून काढ. काढते.

मी भूलतज्ज्ञ. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. ज्याचा फोन येईल त्याच्याकडे बॅग घेऊन जायचं. सकाळी तासगाव, दुपारी कुपवाड, कधी थेट सातारा. पण मुक्कामाचं ठिकाण म्हणाल तर सांगलीतलं घोरपडे सरांचं थिएटर. सर नाक-कान-घशाचे सर्जन. साठीला टेकलेले, हात हलका आणि जीभ तिखट. तिसऱ्या आमच्या सुनंदा सिस्टर. त्या फारसं बोलत नाहीत. बोलल्याच तर "हं" म्हणतात, आणि त्या एका "हं"चे अर्थ आम्हाला लावत बसावे लागतात.

नाकाच्या ऑपरेशनबद्दल एवढं माहीत असलं की पुढचं सगळं कळेल. नाकात कात्री लागली की रक्त येतं, आणि ते पुढं कमी येतं, मागं घशात जास्त उतरतं. पेशंट झोपलेला. ते रक्त श्वासनळीत गेलं तर खेळ खलास. म्हणून आम्ही श्वासनळीत ट्यूब घालतो, आणि ट्यूबच्या भोवती घशात गॉजची एक लांब, ओली पट्टी भरतो. तिला आम्ही पॅक म्हणतो. उतरणारं रक्त ती टिपून घेते. ऑपरेशन संपलं की आधी पॅक काढायचा, मग ट्यूब. पॅक काढायचा राहिला, तर ज्या पट्टीनं पेशंटला वाचवलं तीच त्याचा श्वास अडवते. घोरपडे सरांना आयुष्यात दोनच गोष्टींची भीती वाटते. एक ही पट्टी, आणि दुसऱ्या वहिनी.

*

सुरुवात आमच्या भांडणापासून करते. सर्जनला नाकात जरा जास्त रक्त दिसलं की ते सर्जनच्या हातामुळं कधीच नसतं. ते भूलवालीमुळं असतं.

"मॅडम, ब्लीडिंग आहे."

"सर, प्रेशर पंच्याण्णव आहे."

"मग नव्वद करा."

"नव्वदच समजा."

"समजून रक्त थांबत नाही, मॅडम."

प्रेशर उतरवायची औषधं असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. नाक कोरडं दिसावं म्हणून मेंदूला उपाशी ठेवता येत नाही. टेबलाची डोक्याकडची बाजू वर केलेली, रक्तवाहिन्या आकसवणारं औषध नाकात भरून झालेलं, माझ्याकडून होण्यासारखं सगळं झालेलं. एकदा अशीच कुरकुर चाललेली असताना माझ्या हाताला एसीचा रिमोट लागला. मी बटण दाबलं. 'टीं' असा आवाज आला.

दोन मिनिटांनी सर म्हणाले, "हां. आता कसं. किती स्वच्छ दिसतंय बघा."

मी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनी माझ्याकडे.

"हं," सिस्टर म्हणाल्या.

त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या थिएटरात प्रेशर एसीच्या रिमोटनं उतरत होतं. साध्या केसला एकदा दाबून भागायचं, मोठ्या पॉलिपला, म्हणजे नाकात वाढलेल्या मांसाला, दोनदा. मी थंडीनं कुडकुडायचे, पण भांडण मिटलं होतं. मग एका उन्हाळ्यात एसी बिघडला आणि मेकॅनिक रिमोटसकट सगळं घेऊन गेला. त्या दिवशी अर्ध्या ऑपरेशनात सर म्हणाले, "मॅडम, ब्लीडिंग."

करण्यासारखं काही नव्हतंच.

सरांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं, "आज रिमोट कुठं गेला?"

*

भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. पोटातलं उलटून वर आलं तर तेही श्वासनळीचाच रस्ता धरतं. म्हणून आदल्या दिवशी आम्ही चारचारदा बजावतो, सकाळी उपाशी यायचं.

तासगावच्या एक बाई सायनसच्या ऑपरेशनला आल्या. घरची द्राक्षबाग, तब्येत ठणठणीत, सोबत मालक. मी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय?"

"न्हाई मॅडम. आज चतुर्थी हाय. उपास हाय मला."

मी खूश. बाईंना टेबलावर घेतलं. सुई टोचायच्या आधी सवयीनं पुन्हा विचारलं, "म्हणजे पोटात काहीच नाही?"

"कायबी न्हाई. नुस्ती खिचडी, दोन केळी आन् रताळ्याचा कीस."

"कधी?"

"आत्ताच की, यष्टीत बसायच्या आदी. ऑपरेशन हाय म्हणून जावंनं जरा जास्तच वाढली."

ऑपरेशन रद्द झालं. बाईंना काही ते पटेना. उपासाचं खाणंसुद्धा खाण्यात धरतात हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. "आवं सायेब, देवाला चालतंय, मग तुमच्या भुलीला का चालत न्हाई?" असं त्यांनी सरांना विचारलं.

पुढची तारीख सिस्टरनी कॅलेंडर बघून दिली, उपासाचा दिवस टाळून. या खेपेला बाई खरोखर उपाशी आल्या. पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नव्हता. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्यावर चिडल्या. आता भूल देणार, तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. बघतो तर बाईंचे मालक बाकड्यावरून खाली पडलेले, ओठ पांढरे, अंगाला घाम. सिस्टरनी त्यांचे पाय वर उचलून धरले आणि साखरेचं पाणी मागवलं.

"काय होतंय तुम्हाला? आधीपासून काही त्रास आहे का?" सरांनी विचारलं.

"तरास काय न्हाई," ते डोळे मिटूनच म्हणाले. "काल सांजच्यापास्नं जेवलो न्हाई. ती उपाशी, मग मी कसा खाऊ?"

बाईंचं ऑपरेशन छान झालं. मालकांसाठी सिस्टरनी समोरच्या हॉटेलातून खिचडी मागवली.

*

नाकाचं ऑपरेशन झालं की दोन्ही नाकपुड्यांत बोळे भरतात. त्यामुळं जाग येताना नाकानं श्वास येत नाही, तोंडानं घ्यावा लागतो. आम्ही ते आदल्या दिवशी शिकवतो, आणि पेशंट ते भुलीत विसरतो. बहुतेक जण जागे होताना घाबरतात. पैलवान घाबरत नाहीत. त्यांना वाटतं, कुणीतरी आपलं तोंड दाबलंय.

हा पैलवान पंचविशीचा. कुस्तीत नाकाचं हाड मोडून आलेला. मान डोक्यापेक्षा रुंद. अशा मानेत ट्यूब घालताना मला देव आठवतो, पण गेली एकदाची. ऑपरेशन झालं, पॅक निघाला, ट्यूब निघाली. सर त्याच्यावर वाकून सांगायला लागले, "तोंडानं श्वास घे, तोंडानं." पैलवानानं डोळे मिटलेल्या अवस्थेतच सरांची मान काखेत धरली.

मी एक हात ओढला, सिस्टरनी दुसरा, वॉर्डबॉयनं पाय. पकड ढिली होईना. सर आधी लाल झाले, मग जांभळे व्हायला लागले. म्हणजे आता टेबलावरच्याच नव्हे, टेबलाशेजारच्या माणसाच्या श्वासाची जबाबदारीही माझ्यावर आली.

"वस्ताद बाहेर बसलेत," सिस्टर म्हणाल्या. मी ऐकलेलं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

वस्ताद आले. सत्तरीचे, डोक्याला फेटा. दाराशी चपला काढल्या, वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग आत पाऊल टाकलं. तालमीत शिरताना लावतात तसा. टेबलाजवळ येऊन त्यांनी आवाजही चढवला नाही.

"सोड रं. निकाल झाला."

पकड सुटली. सर स्टुलावर बसले.

पैलवानानं घोगऱ्या आवाजात विचारलं, "कोण जिकलं, वस्ताद?"

वस्तादांनी मान चोळत बसलेल्या सरांकडे एकवार नीट बघितलं.

"बरोबरीत सोडवली," ते म्हणाले.

*

नाकातून आपोआप रक्त यायला लागलं, म्हणजे घोळणा फुटला, की आपल्याकडे पहिलं काम म्हणजे माणसाची मान मागं टाकायची. मग डोक्यावर पाणी, नाकाशी कांदा. मान मागं टाकली की पुढं रक्त दिसत नाही आणि घरच्यांना बरं वाटतं. रक्त थांबलेलं नसतं, ते घशात उतरत असतं.

जतकडचे एक आजोबा असेच आले. मेंढरं राखणारे, काटक. चौघांनी जीपमधून आणलेलं, आणि जतपासून सांगलीपर्यंत एकानं आजोबांची मान मागं दाबून धरलेली. रक्त दिसत नव्हतं म्हणून चौघे निवांत होते. आजोबा मात्र गिळत होते, डोळे पांढरे करत होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

"आधी मान सोडा त्यांची," सर ओरडले.

सरांनी आजोबांना बसवून पुढं वाकवलं, घशात साचलेली रक्ताची गाठ थुंकायला लावली आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरला. थोड्या वेळानं रक्त थांबलं. श्वास मोकळा झाल्यावर आजोबांनी पहिल्यांदा त्या चौघांकडे पाहिलं.

"मी वाटंत चार येळा हात जोडलं, मान सोडा म्हणून," ते म्हणाले. "ह्यांला वाटलं मी बिरोबाला हात जोडतोय."

घरी जाताना सरांनी त्यांना नीट शिकवलं. पुन्हा रक्त आलं तर पुढं वाकायचं, नाक चिमटीत धरायचं, दहा मिनिटं सोडायचं नाही. महिन्याभरानं आजोबा तपासणीला आले, ते नाकाला कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा चिमटा लावून. निळ्या रंगाचा.

"हे काय, आजोबा?"

"वाटंत जरा रगत आलं."

"पण मी बोटांनी धरायला सांगितलं होतं."

"दोनी हात मेंढरांला लागत्यात," आजोबा चिमट्यातून म्हणाले. "नाक कुणी धरायचं?"

*

आताचा किस्सा हसण्यासारखा नाही. पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कुपवाडच्या एका कारखान्यात काम करणारी मुलगी नाकाचा पडदा सरळ करायला आली होती. सोबत आई. ऑपरेशनमध्ये रक्त नेहमीपेक्षा जास्त आलं. माझा पॅक घशात होताच. तरी सरांनी मधेच गॉजची आणखी एक छोटी पट्टी तोंडातून पडजिभेच्या मागं, वरच्या बाजूला सारली. घाई होती, रक्त थांबवायचं होतं, आणि ती घातल्याचं कुणाला सांगायचं राहून गेलं.

शेवटी मी माझा पॅक काढला, सिस्टरना दाखवला, घसा साफ केला. तिथं काही दिसत नव्हतं. मुलगी जागी होत होती. ट्यूब काढली. ती खोकली, आणि वरची पट्टी खाली घसरली. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की तिची छाती वरखाली होतेय आणि आत हवा जात नाही. मास्क लावून हवेची पिशवी दाबली, तर पिशवी दबेना. ओठ निळे पडायला लागले.

सर तोवर बाहेर जाऊन तिच्या आईला सांगत होते, "झालं. छान झालं सगळं." दार उघडं होतं. अंगातला ऑक्सिजन उतरला की मॉनिटरचा सूर उतरत जातो. तो सूर ऐकून सर बोलता बोलता थांबले आणि पळत आत आले. "मागं, पडजिभेच्या मागं," एवढंच म्हणाले, आणि चिमटा घालून पट्टी ओढून काढली. मुलीनं मोठा श्वास घेतला. मग मी घेतला. मिनिटभराचा मामला असेल. मी त्या दिवशी घाबरले होते.

मुलीला काही झालं नाही. सर ती पट्टी हातात घेऊन तसेच बाहेर गेले आणि आईला सगळं खरं सांगितलं. पट्टी मीच घातली होती, मीच विसरलो, तुमची मुलगी गुदमरली होती.

"आता श्वास घेत्या न्हवं?" आईनं विचारलं.

"घेते."

"मग ती पट्टी टाका की सायेब. किती येळ धरून हुबं ऱ्हाणार?"

सरांनी ती टाकली. पण टाकली असं मला काही वाटत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हात सुरू झाला. नाकातलं काम संपलं की सर नवा हातमोजा घालायचे, पेशंटच्या डोक्याशी उभे राहायचे आणि उजवा तळवा पुढं करायचे. घशात जे जे गेलं असेल ते मी त्या तळव्यावर ठेवायचं, ओलं, रक्ताळलेलं, जसं असेल तसं. सर अंगठ्यानं ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपायचे, ट्रेमध्ये टाकायचे आणि म्हणायचे, "काढा ट्यूब." ते झाल्याशिवाय सर बाहेर पाऊल टाकत नाहीत, नातेवाइकांना "छान झालं" म्हणत नाहीत, चहासुद्धा पीत नाहीत. या हाताची थट्टा आम्ही कधी केली नाही.

*

थट्टा केली ती वाईच्या एका गुरुजींनी, आणि तीही झोपेत.

गुरुजी घाटावरच्या देवळात पूजेला. नाकातलं पॉलिप काढून झालं होतं. मी पॅक चिमट्यानं काढून धरला होता, ट्यूब अजून आत होती, आणि सरांचा उजवा हात नेहमीसारखा पुढं आलेला. गुरुजींची भूल माझ्या अंदाजापेक्षा जरा लवकर उतरली. त्यांनी डोळे किलकिले केले. समोर कुणाचा तरी उजवा तळवा पसरलेला दिसला. उभ्या आयुष्यात अशा तळव्याचं जे केलं तेच त्यांनी केलं. उजवा हात उचलला, बोटांत पळी धरल्यासारखी केली आणि सरांच्या तळव्यावर तीनदा तीर्थ सोडलं.

सरांनी तळवा मास्कपर्यंत नेला आणि नंतर तो डोक्यावरच्या टोपीवरून फिरवला.

मी पॅक धरून तशीच उभी. तीर्थ घेतलेल्या हातावर आता हे कसं ठेवायचं?

सरांनी डावा हात पुढं केला.

*

गेल्या वर्षी खुद्द सरांच्या नाकात पॉलिप निघालं. ते बरेच दिवस चालढकल करत होते. पण घोरणं इतकं वाढलं की वहिनींनी निकाल दिला, एक तर ऑपरेशन नाहीतर वेगळी खोली. सर ऑपरेशनला तयार झाले. मात्र सांगलीत नको म्हणाले. सांगलीत त्यांना तोंड उघडं टाकून झोपलेलं कुणी बघितलं तर दुसऱ्या दिवसापासून कोण ऐकणार?

साताऱ्याला अभिजित आहे, सरांचा जुना विद्यार्थी, आता स्वतः चांगला सर्जन. त्याच्याकडे जायचं ठरलं. भूल मी द्यायची आणि सुनंदा सिस्टर सोबत येणार, या सरांच्या अटी. कुपवाडच्या मुलीचा प्रसंग झाला तेव्हा अभिजित साताऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळं सरांचा तो पुढं केलेला हात त्यानं कधी पाहिलेला नव्हता.

कराड गेल्यावर गाडीत सर पहिल्यांदा बोलले. "मॅडम, पॅकचं बघा."

"हं," मी म्हटलं. सिस्टरकडून एवढं तरी शिकले आहे.

टेबलावर सरांना मी झोपवलं, ट्यूब घातली आणि पट्टीसाठी हात पुढं केला. अभिजित म्हणाला, "मॅडम, आम्ही आता पॅक घालत नाही. ट्यूबचा फुगा श्वासनळी बंद ठेवतो, सक्शननं रक्त ओढून घेता येतं. घसाही कमी दुखतो. आणि जे घातलंच नाही ते विसरणार कसं?"

त्याचं चुकीचं नव्हतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी असंच करतात. सरांना विचारायची सोय राहिली नव्हती. पॅक घातला नाही.

ऑपरेशन सुरळीत चाललं होतं. मधेच अभिजित म्हणाला, "मॅडम, जरा ब्लीडिंग वाटतंय."

"प्रेशर पंच्याण्णव आहे."

"नव्वद होईल का?"

शेवटी शिष्य कुणाचा. मी इकडंतिकडं रिमोट शोधला. साताऱ्याला एसीचं बटण भिंतीवर आहे.

काम झालं. नाकात बोळे भरले. घसा नीट बघून साफ केला, सर जागे व्हायला लागले तशी ट्यूब काढली. तोंडानं श्वास व्यवस्थित चालू झाला. इथंवर सगळं पुस्तकाप्रमाणं. मग सर तळमळायला लागले. मान इकडंतिकडं, पाय झाडतायत, डोळे मिटलेले. प्रेशर चढत चाललं, एकशे साठ, एकशे सत्तर. नाकाखालचं गॉज लाल झालं. प्रेशर असंच राहिलं तर नाकातलं रक्त पुन्हा सुरू होणार, घशात उतरणार, आणि आता घशात ट्यूबही नव्हती. ज्या माणसानं जन्मभर लोकांचं रक्त घशाबाहेर ठेवलं त्याच्यावर ही वेळ यावी, हे मला बघवेना.

अभिजित नाकाखाली गॉज दाबून धरत होता. "मॅडम, प्रेशर. सर, शांत पडा. सर, झालं, छान झालंय सगळं."

ते ऐकून सरांनी मान आणखी जोरात हलवली.

मी प्रेशरचं इंजेक्शन भरलं, सलाइनच्या नळीपाशी नेलं, आणि थांबले. सरांचा उजवा हात टेबलाच्या कडेवरून बाहेर आला होता. तळवा वर. बोटं उघडत होती, मिटत होती.

सुनंदा सिस्टरनीही ते पाहिलं होतं.

"आता काय द्यायचं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मी हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं, जवळचं गॉजचं पाकीट फोडलं आणि एक पट्टी त्या तळव्यावर ठेवली. सरांचा अंगठा पट्टीवरून फिरला. मग त्यांनी ती सोडून दिली.

"कोरडी आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. हात पुन्हा पुढं.

सिस्टरनी दुसरी पट्टी घेतली, सलाइनच्या वाटीत बुडवली, थोडी पिळली आणि सरांच्या तळव्यावर ठेवली. अंगठा एका टोकापासून निघाला, सावकाश दुसऱ्या टोकाला पोचला. सरांनी मूठ मिटली. ती छातीवर घेतली. तोंडानं एक लांब श्वास घेतला आणि मान एका बाजूला टाकून झोपले.

प्रेशर उतरायला लागलं. एकशे पन्नास. एकशे तीस. एकशे वीस. अभिजितनं नाकाखालचं गॉज उचलून बघितलं, नवं ठेवलं, तेही उचलून बघितलं. पांढरं होतं. त्यानं मॉनिटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, कोणतं औषध दिलंत?"

"हं," सुनंदा सिस्टर म्हणाल्या.